खाड्यांचा हिशेब

महिन्याची एक तारीख उजाडली की व्यायामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांना उधाण येतं. कोणी या महिन्यात शंभर किलोमीटर चालणार असतं, कोणी रोज पंचवीस सूर्यनमस्कार घालणार असतं, कोणाला महिना संपायच्या आत सलग दहा किलोमीटर पळून दाखवायचं असतं. शुभेच्छा, अंगठे आणि फुगवलेल्या दंडाचे इमोजी यांची रेलचेल होते. बारा-तेरा तारखेला त्याच ग्रुपवर कोणाच्या तरी भाच्याच्या लग्नाचे फोटो आणि ‘सुप्रभात’चे संदेश उरलेले असतात. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, त्यापेक्षा दोन-तीन दिवस जास्तच चाललं म्हणायचं.

तरीही काही ग्रुप वर्षानुवर्षं टिकतात. त्यांतली माणसं काही जन्मजात खेळाडू नसतात. बँकेतून निवृत्त झालेले काका, पाळ्यांमध्ये काम करणारी परिचारिका, गुडघा सांभाळून पळणारा दुकानदार असेच लोक असतात. आकडा कसा ठरवला, तो कोणाला दिसतो आणि एखाद्याचा खाडा पडला की पुढे काय होतं, यावर सगळा खेळ असतो. माणूस एकटा असताना किती जोर लावतो आणि चारचौघांत किती, हे संशोधक शंभराहून अधिक वर्षं मोजत आले आहेत. त्यांची काही उत्तरं ग्रुप ॲडमिन मंडळींच्या समजुतीच्या नेमकी उलट आहेत.

आधी दोरीचा प्रयोग. फ्रान्समधले शेतकी अभियंते मॅक्स रिंगेलमान यांनी माणसांना दोरी ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार माणसं वाढत गेली तसा दरडोई जोर घटत गेला. आठ जण एकत्र ओढायला लागले तेव्हा तो जवळपास निम्म्यावर आला. सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही हे त्याचं एक कारण होतंच, पण तेवढंच नव्हतं. १९७४ साली अमेरिकेत ॲलन इंगहॅम यांनी लोकांचे डोळे बांधून हाच प्रयोग केला. ‘तुमच्या मागे आणखी माणसं ओढताहेत’ असं त्यांना भासवलं. प्रत्यक्षात ते एकटेच ओढत होते. तरीही त्यांचा जोर कमी पडला. मागे कोणीतरी आहे एवढ्या विश्वासावर हात सैल झाले.

याच्या बरोबर उलटं चित्र दिसलं ते बर्लिनमधल्या एका रोइंग क्लबात. १९२०च्या दशकात ओटो कोहलर या मानसशास्त्रज्ञाने क्लबच्या सभासदांना हातांनी वजनाचा दांडा वर-खाली करायला लावला, हात थकून थांबेपर्यंत. एकदा एकट्याने, एकदा जोडीने. जोडीच्या वेळी वजन दुप्पट केलेलं होतं, म्हणजे एकाने हात टेकले की दुसऱ्यालाही थांबणं भाग. अशा जोडीतला कमी ताकदीचा गडी एकटा असताना जेवढा टिकत होता, त्याहून जास्त टिकला. आपल्यामुळे दुसऱ्याचा डाव अडतोय, ही जाणीव त्याला पुढे ढकलत होती. मात्र एक अट होती. दोघांच्या ताकदीत थोडा फरक असला तरच हे घडत होतं. फरक फार मोठा असला की दुबळा गडी आधीच मनातून हरत होता, आणि दोघे अगदी सारखे असले तर मुद्दाम जास्त जोर लावायचं कारणच उरत नव्हतं.

महिन्याचं लक्ष्य ठरवताना ग्रुपपुढे हेच दोन रस्ते असतात. ‘आपण तीस जण मिळून तीन हजार किलोमीटर’ हे लक्ष्य पोस्टरवर झकास दिसतं, पण ती रिंगेलमानची दोरी आहे. पाच-सहा कसलेले धावपटू निम्मा आकडा खेचून नेतात. बाकीच्यांनी आज पाय उचलला काय आणि पांघरूण ओढून घेतलं काय, बेरजेत ते कुठेच दिसत नाही. त्याऐवजी चार-पाच जणांच्या तुकड्या पाडल्या, प्रत्येकाला त्याचा त्याचा आकडा दिला आणि ‘सगळ्यांचं पूर्ण झालं तरच तुकडीचं पूर्ण झालं’ असं ठरवलं, तर तो कोहलरचा दांडा होतो. मिशिगन आणि कॅन्ससमधल्या संशोधकांनी २०१२ साली ५८ महिलांवर एका जागी उभ्या व्यायामाच्या सायकलीने हे तपासलं. एकटीने पेडल मारणाऱ्या सरासरी १०.६ मिनिटं टिकल्या. पडद्यावर एक सोबतीण दिसत असलेल्या १९.८ मिनिटं टिकल्या. आणि ‘दोघींपैकी जी आधी थांबेल तिचा वेळ हाच जोडीचा वेळ’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्या २१.९ मिनिटं. गंमत म्हणजे पडद्यावरची सोबतीण म्हणजे आधी करून ठेवलेलं चित्रीकरण होतं. खऱ्या मैत्रिणीने सकाळी साडेपाचला खालून हाक मारली तर काय होईल, याचा अंदाज यावरून करता येतो.

आता आकडा केवढा असावा? लक्ष्य सोपं ठेवलं तर लोक टिकतील, असं बहुतेकांना वाटतं. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या दोन मानसशास्त्रज्ञांचं आयुष्यभराचं काम याच्या विरुद्ध साक्ष देतं. लॉक यांनी १९६८ पासून मांडलं की ‘जमेल तेवढं करा’ असं सांगितलेल्या माणसापेक्षा नेमकं आणि अवघड लक्ष्य दिलेला माणूस जास्त काम करतो. लेथम यांनी ते ओक्लाहोमाच्या जंगलात करून दाखवलं. तिथे लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रकचालक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या साधारण ६० टक्केच माल भरत. ‘जमेल तेवढा भरा’ हे त्यांना सांगून झालं होतं. मग त्यांना ९४ टक्के हा आकडा दिला. बक्षीस नाही, दंड नाही, फक्त आकडा आणि प्रत्येक फेरीची नोंद. नऊ महिन्यांनी माल ९० टक्क्यांच्या घरात पोचला होता. मधल्या काळात चालकांनी आपसांतच चुरस लावली. कोणी सांगितलं नव्हतं, तरी कोण किती भरतो हे एकमेकांना विचारू लागले.

हे सगळं चालतं ते दोन अटींवर. आकडा माणसाच्या हातातला हवा आणि त्याला तो पेलणारा हवा. ‘या महिन्यात चार किलो कमी करणार’ हे लक्ष्य म्हणून फसवं आहे, कारण वजनाचा काटा पाण्यावर, मिठावर, झोपेवर आणि घरातल्या मोदकांवर हलतो. चाललेली मिनिटं मात्र चालणाऱ्याच्याच हातात असतात. पेलण्याचं म्हणाल तर सर्वांना एकच आकडा देणं हा सर्वांत आळशी मार्ग. ज्याने गेल्या महिन्यात चाळीस किलोमीटर केले त्याला पन्नास अवघड असतात. ज्याने दोनशे केले त्याला पन्नास हा अपमान असतो. गेल्या महिन्यात खरोखर किती झालं, हे आधी लिहायचं आणि मगच या महिन्याचा आकडा मांडायचा, हा क्रम ज्या ग्रुपांनी पाळला त्यांची निम्मी डोकेदुखी कमी होते. अगदीच नवखा असेल त्याला पहिल्या महिन्यात अंतर विचारूच नये. घराबाहेर किती दिवस पडला, एवढंच मोजावं.

हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम हवा. तीस दिवसांच्या महिन्यात हे होतात साधारण ६४० ते १२८० मिनिटं. ताशी पाच किलोमीटरच्या झपाट्याने चालणाऱ्याला खालच्या टोकाला सुमारे ५४ किलोमीटर होतात आणि वरच्या टोकाला १०७. म्हणजे ‘महिन्याला शंभर किलोमीटर’ हा आकडा चालणाऱ्यासाठी नुसता हौसेचा नाही. वीस तास पायांवर, शिफारशीच्या वरच्या टोकाजवळ. आता महिन्यात आठ दिवस पाऊस, पाहुणे, ताप, ऑडिट यांना देऊन टाकले तर उरतात बावीस. दिवसाला साडेचार किलोमीटर, तासाला थोडं कमी. इतपत अवघड ठीक. पण चोवीस तारखेला खात्यावर पन्नासच जमा असतील, तर शेवटच्या सात दिवसांत रोज सात किलोमीटरांहून जास्त भरावे लागतात. ग्रुपच्या रोजच्या नोंदींच्या तक्त्यात हा माणूस लगेच ओळखू येतो. डावीकडे पांढरे चौकोन, मग चोवीस तारखेपासून एकाएकी हिरवेगार रान.

‘महिना’ हे माप का निवडतात, त्यालाही आधार आहे. हेंगचेन दाई, केटी मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या जिममधल्या नोंदी तपासल्या. आठवड्याच्या सुरुवातीला जिमला जाण्याची शक्यता सुमारे ३३ टक्क्यांनी, महिन्याच्या सुरुवातीला १४ टक्क्यांनी आणि नव्या सत्राच्या आरंभी तर ४७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पाटी कोरी झाली की माणसाला हुरूप येतो. वर्षाचा संकल्प मोडला की पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागतं. महिन्याचा मोडला तर जास्तीत जास्त तीस दिवस.

पण सगळे महिने सारखे नसतात, आणि इथे कॅलेंडरकडे बघण्यावाचून गत्यंतर नाही. जुलैच्या कोकणात शंभर किलोमीटर म्हणजे छत्रीखालचे शंभर किलोमीटर. गणपतीचे दिवस, दिवाळीचा फराळ, मार्चमधल्या मुलांच्या परीक्षा, मेमधली लग्नं आणि विदर्भातलं ऊन, यांना न विचारता ठरवलेला आकडा कागदावरच राहतो. उन्हाला शरीर सरावायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वेगाचं लक्ष्य देणं हा शुद्ध अविचार. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिच्या तयारीतल्या लोकांचे सर्वांत मोठे आकडे नोव्हेंबर-डिसेंबरात पडतात, आणि ते थंडीला धरून असल्यामुळे बहुतेकांना झेपतातही.

व्यायाम चारचौघांत मोजायची सवय महाराष्ट्राला नवी नाही. तालमीत जोर-बैठका वस्तादाच्या डोळ्यांदेखत होतात. प्रत्येक पोराचा आकडा वेगळा आणि तो सगळ्या आखाड्याला ठाऊक. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार नेमाने सुरू केले, ते सामुदायिकच. रथसप्तमीला एकशे आठ नमस्कार घालण्याचे कार्यक्रम आजही गावोगाव होतात. या सगळ्यात एक समान गोष्ट दिसते. बेरीज कोणी करत नाही. शेजारच्याचे किती झाले ते मात्र दिसतं.

हे ‘दिसणं’ किती महत्त्वाचं आहे, त्यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास डोळे उघडणारा आहे. जिंगवेन झांग, डेमन सेंटोला आणि सहकाऱ्यांनी ७९० विद्यार्थ्यांना अकरा आठवड्यांच्या व्यायामवर्गांत घेतलं आणि वेगवेगळ्या प्रकारे एकमेकांशी जोडलं. काहींना इतरांची हजेरी आणि आपला क्रमांक दिसत होता. काहींना एकमेकांशी गप्पा मारायची, धीर द्यायची सोय होती. काहींना यांतलं काहीच नव्हतं. चुरस असलेल्यांची हजेरी काहीच नसलेल्यांपेक्षा सुमारे ९० टक्क्यांनी जास्त भरली. आणि नुसता धीर देणारे? ते काहीच नसलेल्यांपेक्षाही मागे राहिले. सेंटोला यांचा खुलासा असा, की पाठ थोपटणाऱ्या ग्रुपमध्ये सगळ्यांचं लक्ष गळणाऱ्यांकडे जातं आणि गळणं हाच रिवाज होऊन बसतो. ‘असू दे गं, उद्या जाऊ’ या वाक्याने किती चपला दारातच राहिल्या असतील, देव जाणे.

म्हणून सोबत नकोच, असं नाही. वजन कमी करण्याच्या एका कार्यक्रमात रीना विंग आणि रॉबर्ट जेफरी यांनी १९९९ साली एकटे आलेले आणि तीन मित्र किंवा नातेवाईक घेऊन आलेले अशी तुलना केली. एकट्यांपैकी ७६ टक्क्यांनी कार्यक्रम पूर्ण केला. मित्रांसह आलेल्या आणि शिवाय एकमेकांना साथ देण्याचं शिक्षण मिळालेल्यांपैकी ९५ टक्क्यांनी. घटलेलं वजन पुढचे सहा महिने जसंच्या तसं राखणारे पहिल्या गटात २४ टक्के होते, दुसऱ्यात ६६ टक्के. तिथे साथ देणं हे शिकवलेलं काम होतं, नुसतं गोड बोलणं नव्हतं. ‘काल का आला नाहीस?’ असं विचारणारा मित्र हा ‘चालायचंच’ म्हणणाऱ्या मित्रापेक्षा कमी प्रेमळ असतो, असं कोणी सांगितलं?

चुरस नेमकी कोण कोणाशी करतो, तेही पाहण्यासारखं आहे. एमआयटीचे सिनान अराल आणि ख्रिस्तोस निकोलाइडिस यांनी २०१७ साली जगभरातल्या सुमारे ११ लाख धावणाऱ्यांच्या पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या. मित्र पळतो म्हणून हा पळतो, की दोघंही मुळातच पळणारे म्हणून मित्र झाले, हे वेगळं करणं अवघड असतं. त्यासाठी त्यांनी हवामानाचा आधार घेतला. एका शहरात पाऊस पडला की तिथला मित्र कमी पळतो. मग दुसऱ्या शहरातला, जिथे लख्ख ऊन आहे, तो त्या दिवशी किती पळाला? उत्तर असं निघालं की मित्रांचा एक जादा किलोमीटर माणसाला त्याच दिवशी सुमारे तीनशे मीटर पुढे नेतो. पुढचा भाग जास्त रंजक आहे. कमी पळणारे जास्त पळणाऱ्यांना पळवतात, उलट तितकंसं होत नाही. पुढच्याला गाठण्याच्या ईर्षेपेक्षा मागून कोणी येतंय ही धास्ती मोठी. म्हणजे ग्रुपमधल्या सर्वांत हळू सभासदाने आपले तीन किलोमीटर लाजून टाकलेच नाहीत, तर नुकसान सगळ्यांत वेगवान सभासदाचं होतं. हे ॲडमिनने एकदा ग्रुपवर मोठ्या अक्षरांत लिहायला हरकत नाही.

त्याच अभ्यासात पुरुषांवर स्त्री-पुरुष दोघांचाही परिणाम होताना दिसला, बायकांवर मात्र फक्त इतर बायकांचा. भारतातल्या आकड्यांशेजारी ठेवलं तर याचं वजन वाढतं. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेसा व्यायाम करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७. मिश्र ग्रुपमध्ये पुरुषांचे आकडे रोज सकाळी पडत राहतात आणि बायका दोन-चारच असतात, तिथे त्या दोघी-चौघींना त्या आकड्यांचा फारसा उपयोग होत नसणार. टेकडीवर पहाटे बायकांचे वेगळे ग्रुप दिसतात त्यामागे सुरक्षिततेचं कारण आहेच, पण हेही असावं.

आता खाडा. कोणत्याही महिन्याच्या लक्ष्याचा घात बहुधा पहिल्या खाड्याने होत नाही, दुसऱ्याने होतो. पहिल्या दिवशी माणूस हळहळतो, दुसऱ्या दिवशी ‘आता गेलाच महिना’ म्हणून सुटतो. मारिसा शरीफ आणि सुझान शू यांनी २०१७ साली यावर एक साधा उपाय तपासला. लोकांना आठवडाभर रोज एक कंटाळवाणं काम करायचं होतं. काहींना लक्ष्य होतं सातही दिवस, काहींना पाच दिवस, आणि काहींना सात दिवस, पण दोन खाडे माफ. तसं पाहिलं तर दुसरं आणि तिसरं लक्ष्य एकच. पण सात दिवसांचं कडक लक्ष्य गाठणारे निघाले २१ टक्के, पाच दिवसांचं सोपं लक्ष्य गाठणारे २६ टक्के आणि माफीचे खाडे हाताशी असलेले ५३ टक्के. माफी हाताशी असली की माणूस ती जपून वापरतो. म्हणून ‘महिन्यात बावीस दिवस’ यापेक्षा ‘रोज, आणि आठ खाडे शिल्लक’ असं लिहिलेलं बरं. तक्त्यात हिरव्या चौकोनांबरोबर उरलेले खाडेही दिसावेत. पाच तारखेलाच तीन उडवले, हे बघितल्यावर चौथ्याला हात आखडतो.

मिल्कमन आणि अँजेला डकवर्थ यांच्या २०२१च्या एका अवाढव्य प्रयोगातही खाड्याचाच मुद्दा वर आला. अमेरिकेतल्या एका जिम साखळीच्या ६१ हजारांहून जास्त सभासदांवर चोपन्न वेगवेगळे चार आठवड्यांचे कार्यक्रम एकाच वेळी करून पाहिले. सर्वांत परिणामकारक ठरला तो खाड्यानंतर परत येणाऱ्याला किरकोळ जादा बक्षीस देणारा. बक्षीस किती? नऊ सेंट किमतीचे गुण. भारतात त्यात कटिंग चहा आला तरी खूप. ग्रुपमध्ये याचं रूप सोपं आहे. सलग एकवीस दिवस करणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात. तीन दिवस गायब राहून चौथ्या दिवशी दोन किलोमीटर टाकणाऱ्याला पहिला अंगठा मिळायला हवा.

खाडा भरून काढायचा नाही, हा मात्र कडक नियम असावा. महिन्याच्या लक्ष्याचा खरा धोका शेवटच्या आठवड्यात असतो. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा धावणाऱ्यांचा जुना नियम नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे ५३२ नवख्या धावपटूंवर तपासला गेला. नियम पाळणाऱ्यांत २०.८ टक्के जखमी झाले, न पाळणाऱ्यांत २०.३. म्हणजे नियमाचा फायदा दिसलाच नाही. मग २०२५ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंचा अभ्यास आला. त्यात धोका आठवड्याच्या बेरजेत नव्हता, एकाच दिवशी मारलेल्या उडीत होता. मागच्या तीस दिवसांत जे सर्वांत लांब अंतर पळून झालं, त्याहून १० ते ३० टक्के जास्त एका दमात पळणाऱ्यांत अतिताणाच्या दुखापतीचा धोका ६४ टक्क्यांनी वाढला. अंतर दुपटीहून जास्त केलं तर धोकाही दुपटीहून वाढला. तीस तारखेला आकडा जुळवण्यासाठी सहाच्या जागी चौदा किलोमीटर मारणारा नडगी धरून पुढचा महिना घरी बसतो, तो असा. म्हणून शहाणे ग्रुप एक कलम घालतात. एका दिवसाचं अंतर ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं तर जादाचं तक्त्यात धरायचं नाही. आकडा अपुरा राहिला तर राहिला.

क्रमांक न लावताही लक्ष्य अवघड ठेवता येतं, याचा नमुना लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांकडे आहे. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांखाली जगभर ‘ब्रेव्हे’ नावाच्या राइड भरतात. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर इथले शेकडो सायकलस्वार त्यांत उतरतात. २०० किलोमीटरांना साडेतेरा तास मिळतात. नऊ तासांत आलेला आणि तेरा तास वीस मिनिटांनी आलेला, दोघांचंही ‘पूर्ण’. पहिला-दुसरा-तिसरा असं काही नसतं. वाटेतल्या टप्प्यांवर आपण वेळेत पोचलो याचा पुरावा द्यावा लागतो. हायवेवरच्या एखाद्या गावात ऐन दुपारी घामेजलेला सायकलवाला एटीएममधून शंभर रुपये काढून पैशांपेक्षा पावती जपून ठेवताना दिसला, तर तो बहुधा ब्रेव्हेतला असतो. त्या पावतीवरची वेळ त्याला हवी असते. अमेरिकेतल्या ब्रेव्हे संघटनेने यालाच महिन्याचं माप जोडलं. सलग बारा महिने, दर महिन्याला निदान एक २०० किलोमीटरांची राइड. एक महिना चुकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हा खाडा न माफ करणारा प्रकार आहे आणि तो मुरलेल्यांसाठीच ठीक. इंग्लंडचे मॅरेथॉनपटू रॉन हिल तर १९६४ च्या डिसेंबरपासून २०१७ च्या जानेवारीपर्यंत एकही दिवस न चुकता, निदान एक मैल तरी, पळाले. छातीत दुखू लागलं तेव्हाच थांबले. त्यांचं कौतुक करावं, अनुकरणाच्या भानगडीत मात्र पडू नये.

एका महिन्याने सवय लागते, हीही समजूत सोडून द्यायला हवी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी २०१० साली ९६ जणांचा पाठपुरावा केला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागले तर कोणासाठी हिशेब २५४ दिवसांवर गेला. मधला आकडा ६६. एखाद्या खाड्याने त्यात फार फरक पडत नव्हता. अमेरिकेतल्या त्या चोपन्न कार्यक्रमांपैकीही जेमतेम आठ टक्क्यांचा परिणाम चार आठवड्यांनंतर टिकला. म्हणून ग्रुप काढायचा तर निदान तीन महिन्यांचा काढावा, आणि तिन्ही आकडे चढते ठेवू नयेत. दोन महिने चढण, तिसऱ्यात दम. मुंबई मॅरेथॉन आटोपली की फेब्रुवारीचा आकडा मुद्दाम खाली ठेवायचा आणि नवे सभासद त्याच महिन्यात घ्यायचे. जुने कमी पळत असतात, नवे जेमतेम चालत असतात, आणि दोघांमधलं अंतर वर्षभरात तेव्हाच सर्वांत कमी असतं. तुकड्या पाडायला याहून बरी वेळ नाही.